ग्रामसभेचे ठराव आणि देवराई

आज पर्यावरण धोरणाच्या तासाला गाडगीळ समितीचा २०११ चा पश्चिम घाटावरचा अहवाल घेतला होता. एमएला असे जाडजूड अहवाल खूप येतात, बरेचसे सारांशापुरतेच वाचले जातात. यातली एक गोष्ट मात्र दिवसभर डोक्यातून जात नाहीये. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी ‘आमचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा’ असे ठराव केले होते! सावंतवाडी-दोडामार्गच्या डोंगरांवर तेव्हा खाणींचं सावट होतं. गावाला जंगल नकोच असतं, हे किती सहज बोललं जातं आपल्याकडे. इथे तर गावांनीच लेखी मागणी केली होती.

मग गाडगीळ अहवालाचा फेरविचार करायला नेमलेल्या समितीचा, २०१३ चा कस्तुरीरंगन अहवाल. त्यात उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक (जंगलासारखे) आणि सांस्कृतिक (वस्ती, शेती, लागवडीचे) भूप्रदेश वेगळे केले आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. वर्गातल्या एका कोकणातल्या मैत्रिणीने विचारलं, “मग आमच्या गावची देवराई यात कुठे बसवायची?” तिथली झाडं टिकली ती देवाच्या धाकाने, गावाच्या रीतींनी. तिला नैसर्गिक म्हणायचं की सांस्कृतिक? तासाची वेळ संपली तरी कुणी उठलं नाही. नकाशे हवेतच, पण गावाच्या आठवणी आणि श्रद्धा वाचता येत नसतील तर नियोजन अर्धवट राहतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रबंधाला हाच विषय घेतेय. त्या ग्रामसभांना तुमच्या घरचं कुणी हजर असेल, तर प्लीज मेसेज करा. मी येऊन भेटेन.