खेड ते वेंगुर्ला: भाड्याचं घर शोधत मे महिन्यातली फेरी

डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. विहिरीला पाणी, अंगण नुकतं सारवलेलं, वारा गार. म्हणून ही फेरी मुद्दाम मेच्या शेवटच्या आठवड्यात काढली. खेड स्टेशनपासून दुचाकीने दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी सावंतवाडी, पाच मुक्काम. विहिरी तळाला गेलेल्या, चाकरमानी गावात, अंगाला चिकटणारी हवा. घर पारखायला याहून चांगला आठवडा नाही.

वृत्तांत विशी-तिशीतल्यांसाठी आहे. काम लॅपटॉपवर किंवा छोटी नोकरी, हाताशी बेताचे पैसे, मुंबई-पुण्याचं भाडं झेपेनासं झालेलं. जागा विकत घेण्याचा विषय बाजूला ठेवा. शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, सातबाऱ्यावर वीस-वीस सामाईक नावं असतात आणि किनाऱ्यालगत बांधकामावर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेतच. आधी वर्षभर भाड्याने राहावं. आणि वाळूला लागून नको. शक्यतो समुद्रापासून पाच ते पंचवीस किलोमीटर आतलं तालुक्याचं गाव बघावं. असं का, ते पुढे कळेल.

दापोलीपासून सुरुवात केली, कारण खेड स्टेशन जेमतेम तीस किलोमीटरवर. गाव सुमारे 800 फूट उंचीवर असल्यामुळे मेमध्येही रात्री बऱ्यापैकी झोप लागते. कृषी विद्यापीठ 1972 पासून इथे आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांना खोल्या देणारे मालक, मेस, झेरॉक्स, इंटरनेटवाले असं सगळं आधीपासून तयार. एकट्या माणसाला खोली द्यायला इथे फारसं कोणी नाक मुरडत नाही, हा मोठाच फायदा. समुद्र आठ-दहा किलोमीटरवर, हर्णैला माशांचा लिलाव. अडचण मोठ्या दुखण्याची. साध्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण गंभीर काही झालं तर चिपळूण ओलांडून डेरवणचं वालावलकर रुग्णालय गाठावं लागतं.

वाटेत चिपळूणला स्वस्त जागा दिसेल. तिथे 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे त्या इमारतीतल्या जुन्या भाडेकरूला विचारा आणि तळमजला घेऊ नका.

दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ–धोपावे जेटी (वाहनं नेणारी फेरीबोट) घ्यावी. नाहीतर खेड-चिपळूणचा वळसा पडतो, पन्नास-साठ किलोमीटर जास्त. पुढे तवसाळ–जयगड अशीच दुसरी फेरीबोट आहे. दोन्हीकडे दुचाकी आणि चारचाकी चढते. शेवटची बोट चुकली तर रात्री सगळी खाडी वळसा घालून पार करावी लागते, म्हणून त्या दिवसाची वेळ धक्क्यावर विचारूनच निघावं. पावसाळ्यात उधाण असलं की बोट थांबवतात. जेटीपलीकडच्या गावात घर घेऊन अलीकडे रोज नोकरीला यायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

गुहागरला घरं नारळी-पोफळीच्या वाडीत, समुद्राला पाठ देऊन. दिसायला सुंदरच. इथल्या पाण्याचं गणित मात्र समजून घ्या. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बेताने उपसलं तर विहीर वर्षभर गोड राहते. शेजारी कोणी लॉज काढून मोठा पंप लावला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खारं वर चढतं. घर तेच, विहीर तीच, पण दोन वर्षांत चहा नासायला लागतो. म्हणून मालकाची विहीर बघून थांबू नका, आजूबाजूला कोणाचं बांधकाम चालू आहे तेही बघा.

रत्नागिरी या पट्ट्यातलं सगळ्यात कमी रोमँटिक आणि सगळ्यात सोयीचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण, जिल्हा रुग्णालय, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कॉलेजं आणि नोकऱ्या. पावसाळ्यात वीज गेली तर दुरुस्तीला माणसं आधी इथे येतात, वाडीवस्तीचा नंबर नंतर. घर शोधताना गावाचे तीन भाग ध्यानात ठेवा. मांडवी, मिरकरवाडा, किल्ला ही खालची बाजू समुद्राला लागून. घरं जुनी, गल्ल्या अरुंद, खारा वारा थेट. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे हा वरचा भाग फ्लॅटचा, बाजार हाताशी. कुवारबाव स्टेशनच्या बाजूचं, थोडं लांब, पण गाडीने ये-जा करणाऱ्याला बरं. आमची पसंती नाचणे-साळवी स्टॉपला. भाट्याचा किनारा तिथून संध्याकाळी जाऊन येण्याइतका जवळ आहे आणि लोखंडी ग्रील गंजून हातात येत नाही. नगर परिषदेचं पाणी शीळ आणि पानवल धरणांतून येतं. मेमध्ये ते दिवसाआड होतं का, आणि इमारतीची टाकी किती लिटरची, हे दोन प्रश्न मालकाला न विचारता वॉचमनला किंवा खालच्या दुकानदाराला विचारा.

देवगड लवकर आटोपलं. सडा (जांभ्याचं उघडं पठार), पवनचक्क्या, हापूस, सगळं बघण्यासारखं. राहायला मात्र रेल्वे लांब आणि सड्यावर उन्हाळ्यात पाण्याची ओढ. कोकणात एवढा पाऊस पडूनही टँकर का लागतो याचं उत्तर इथे पायाखालीच असतं. जांभा दगड चाळणीसारखा आहे, पाणी धरत नाही. उतार तीव्र, समुद्र जवळ, त्यामुळे पऱ्यांचं (छोट्या ओढ्यांचं) पाणी काही तासांत खाडीला मिळतं.

मालवणबद्दल स्पष्ट सांगायचं तर वर्षाच्या भाड्यासाठी हे गाव अवघड आहे. तारकर्ली-देवबाग पट्ट्यात ज्याच्याकडे जादा खोली आहे तो ती रात्रीच्या दराने पर्यटकाला देतो. जून ते सप्टेंबर खोली आनंदाने मिळते, दिवाळी जवळ आली की मालक घुटमळायला लागतो. तरी मालवणच हवं असेल तर बाजाराच्या मागच्या बाजूला किंवा कट्टा-चौके भागात बघा आणि करारात पूर्ण अकरा महिने लिहून घ्या.

वेंगुर्ला आणि त्यामागचं कुडाळ-सावंतवाडी हा या फेरीतला सगळ्यात पटलेला भाग. वेंगुर्ल्यात बाजार चालत जाण्याजोगा, बंदर, दीपगृह, आणि अजून पर्यटनाने न गिळलेलं गाव. नगर परिषद कचरा वेगवेगळा करूनच घेते, आल्या दिवसापासून ती सवय लावून घ्यावी. रेल्वे हवी असेल तर कुडाळ: स्टेशन गावालाच लागून, चौपदरी महामार्ग शेजारून, जिल्ह्याचं ठिकाण ओरोस जवळ. सावंतवाडीचं स्टेशन गावाबाहेर आहे, रात्रीच्या गाडीने उतरलात तर रिक्षाची सोय आधी बघा. गोव्यातला मोपा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि सावंतवाडीहून तिथे तासाभराच्या आत पोचता येतं. महिन्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवावं लागणाऱ्यांना हे फार कामाचं. गंभीर दुखण्याला इथली माणसं वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. बांदा-दोडामार्गकडे जंगलालगत स्वस्तात घर मिळालं तर एक जपा: 2016 पासून त्या भागात माकडताप आढळतो. तो गोचिडीतून पसरतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा काळ. पालापाचोळा गोळा करायला, काजूच्या बागेत फिरायला अंगभर कपडे घालूनच जा.

आता घरात शिरल्यावर काय बघायचं. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत उत्तम, पर्याय नसेल तर 2000 पर्यंत चालतं असं मानक आहे. विहिरीवर कळशी सोडून दोर किती भिजतो ते बघा. मे अखेरीला पाच-सहा फूट पाणी असेल तर घोर नाही. पाणी खारट आहे आणि मालक म्हणतो ‘आरओ लावा’, तर नको म्हणा. एक लिटर शुद्ध करताना आरओ दोन-तीन लिटर फेकतो, आणि मेमध्ये तेच पाणी आपल्याला नसतं.

वीज तपासायची ती संध्याकाळी सात-आठला. प्लगमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो. 230 च्या जागी 180 दाखवत असेल तर घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) बरेच खांब लांब आहे असं समजा. पंप तापेल, फ्रिजला स्टॅबिलायझर लागेल. इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे: 12 व्होल्ट 150 एएचची बॅटरी म्हणजे 1800 वॉट-तास, त्यातले साधारण 1250 हाती येतात. लॅपटॉप 60, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा 30, राउटर 15, दोन दिवे 20, म्हणजे 125 वॉट. दहा तास चालेल. साधा जुना पंखा 75 वॉट घेतो, तोच बदलला तर दोन-तीन तास वाढतात. दहा तास पुरतील का? जुलैच्या साध्या दिवशी पुरतात. झाड पडून तार तुटली तर नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

इंटरनेटची केबल त्याच खांबांवरून येते, म्हणून फायबरबरोबर वेगळ्या कंपनीचं सिम हवंच. वीज गेल्यावर टॉवर किती वेळ टिकतो हे शेजाऱ्यांना विचारा. बॅटरी उतरली की रेंजही जाते, आणि तेव्हा फायबर चालू असेल तर काम निभतं. डोंगराच्या कुशीतलं घर फोटोत छान दिसतं, आत मोबाईलला एक काडी येते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की राउटरचा प्लग काढून ठेवा. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही.

कराराचं थोडं सविस्तर. गावाकडचे मालक घर बंद ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत, कारण डोक्यात ‘कूळ लागेल’, म्हणजे भाडेकरू घरावर कायमचा हक्क सांगेल, ही भीती. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवला तर ताबा कायदेशीरपणे मालकाकडेच राहतो, हे समजावून सांगा आणि नोंदणीचा खर्च आपण उचला. समजा भाडं 7000, डिपॉझिट 30,000, मुदत 11 महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के मानीव व्याज यावर 0.25 टक्के, म्हणजे 200 रुपयांच्या आसपास. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत 500, नगर परिषद हद्दीत 1000. वर एजंटाची फी. एवढ्यासाठी तोंडी व्यवहार करू नका.

त्याआधी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा बघा. तीन भावांची नावं असतील तर तिघांची संमती लेखी घ्या. चावी देणारा भाऊ गावात असतो, पण गणपतीला मुंबईहून येणारा दुसरा भाऊ ‘आमची खोली मोकळी करा’ म्हणतो, आणि तेव्हा आपण सामान घेऊन पडवीत. गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस घर कोणाच्या ताब्यात, हे करारात एका ओळीत लिहा. त्या दिवसांत आपल्यालाच बाहेर जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं.

एसटीची चौकशी करताना ‘वस्तीची गाडी’ आहे का ते विचारा. रात्री गावात मुक्कामाला थांबणारी एसटी पहाटे निघते, म्हणजे सकाळच्या रेल्वेला किंवा तालुक्याला जाण्याची सोय झाली. ती नसेल तर दुचाकीशिवाय भागत नाही.

दुसरी फेरी जुलैत, दोन दिवसांची, निवडलेल्या दोन गावांपुरती. कौलं कुठे गळतात, भिंतीला ओल कुठवर चढते, पऱ्याचं पाणी रस्त्यावरून जातं का, हे तेव्हाच कळतं. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर संथ धावते, जोडगाडीचा हिशेब सैल ठेवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजे मासे दुर्मीळ, सुकट-बोंबलावर दिवस काढायचे. भाजी घाटावरून येते. आंबा घाटात किंवा आंबोलीत दरड आली की दुसऱ्याच दिवशी बाजारात दर चढतो. म्हणून इथली माणसं आगोटीला (पावसाच्या तोंडावर) तांदूळ, डाळ, कांदे, सुकी मासळी आणि चुलीची लाकडं भरून ठेवतात. नव्याने येणाऱ्यानेही तीच बेगमी करावी, सोबत एक भरलेला जादा सिलिंडर. बूट, कॅमेरा, चामड्याचा पट्टा यांना बुरशी धरते; कपाटात छोटा बल्ब लावून ठेवला की पुष्कळ फरक पडतो. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून, नाहीतर वाळवी. रात्री पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) जाताना विजेरी आणि पायात बंद चप्पल, फुरसं हा विषारी साप वाटेतच बसलेला असतो. अँटिव्हेनम जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. 108 चा नंबर लक्षात असतोच, पण रुग्णवाहिका दारापर्यंत येते की खालच्या रस्त्यावर थांबते हेही बघून ठेवा.

सामान हलवायला ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर बरा. आणि टेम्पो ठरवण्याआधी घरापर्यंतची वाट चालून पावलं मोजा. बऱ्याच वाड्यांत टेम्पो वरच्या रस्त्यालाच थांबतो, तिथून चिऱ्यांची पाखाडी उतरून फ्रिज डोक्यावरून न्यावा लागतो, आणि दोन माणसांची मजुरी टेम्पोच्या भाड्यात धरलेली नसते.