टॉवरवर पडलेले डोळे

रंगाचा पहिला ओला हात बसला आणि दोन मिनिटांत उजव्या शॉकअपच्या टॉवरवर, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बसतं त्या पत्र्याच्या उंचवट्यावर, रंग बाजूला सरकायला लागला. तांदळाच्या दाण्याएवढे गोल खड्डे, मधोमध उघडा पडलेला राखाडी प्रायमर, भोवती रंगाची उचललेली कड. आम्ही याला फिश आय म्हणतो. बाकीचा सगळा बे, म्हणजे बॉनेटखालची इंजिनाची जागा, काचेसारखा बसला होता. खड्डे होते ते फक्त त्या टॉवरवर आणि शेजारच्या चारेक बोटं रुंद पट्ट्यात.

गाडी मारुती 800, 1996 ची, सुपीरियर व्हाइट. मालक साताऱ्यातले एक निवृत्त सर. इंजिन बोअरिंगला गेलं होतं, बे रिकामा होता, तेवढ्यात घरच्या शेडमध्येच रंगवून द्या म्हणाले. बॅटरी, रेडिएटर, काच धुण्याच्या पाण्याची (वॉशरची) बाटली आणि एअर क्लीनर काढून ठेवले, प्रत्येक कनेक्टरला टेपची चिठ्ठी लावली. वायरिंग मात्र काढलं नाही, कागदात गुंडाळून जागेवरच लटकवलं. चूक झाली असेल तर बहुधा इथेच.

लोकांना वाटतं रंगकाम म्हणजे स्प्रे गन. गन शेवटच्या तासाभराची. आधीचे अडीच दिवस नुसता मळ काढण्यात गेले. रॉकेलने इंजिन पुसणारे मेकॅनिक मला पटत नाहीत. तेल निघतं, पण रॉकेलचा मेणचट थर मागे राहतो आणि प्रायमर त्याच्यावर बसतो, पत्र्यावर नाही. आधी पाण्यात मिसळणारं डिग्रीझर, ब्रश, भरपूर पाणी. मग बॅटरीच्या ट्रेखाली लिटरभर पाण्यात मूठभर खायचा सोडा कालवून ओतायचा, फेस यायचा थांबेपर्यंत. ॲसिड पत्र्याच्या जोडात शिल्लक राहिलं तर रंग सहा महिन्यांत आतून फुगतो. मग पेचकसाने टोचून बघायचं. आरपार गेला तर तिथे पुट्टी भरायची नाही, पत्र्याचा तुकडा वेल्ड करायचा. सरांची गाडी सुदैवाने वरवरच गंजली होती.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली रंगाचं सालपट सुटलं होतं. ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट 3, रंग खातं. पण ते पाण्यात विरघळतं, म्हणून तिथे थिनर घासत बसण्यापेक्षा साबणपाणी जास्त काम करतं. आधी गळती बंद करून घ्यायची, नाहीतर नवा रंगही तसाच सुटणार.

मोकळ्या पत्र्याला 80 नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर, मग 180. कोपऱ्यात पेपर जात नाही, तिथे लाल स्कॉचब्राइट. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या, चासी नंबरावर ग्राइंडर अजिबात नाही. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, आणि तिथे पेन्सिलने नंबराचा ठसा उमटला नाही की मालकाचे हेलपाटे सुरू. त्या अक्षरांवर हाताने हलका पेपर आणि पातळ रंग, एवढंच. अर्थच्या बोल्टखाली वॉशरएवढी गोल जागा टेपने झाकायची. ती रंगवून टाकणारे पेंटर थोडे नाहीत. मग गाडी सेल्फ घेत नाही आणि इलेक्ट्रिशियन बिचाऱ्या स्टार्टरलाच दोष देत बसतो.

इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, जोडांवर सीम सीलर, रात्रभर वाळवून 400 चा पेपर. रंग टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, दोनास एक हार्डनर. छोटी गन, नोझल 1 मिमी, दाब 2 बारच्या आसपास. मोठ्या गनचा फवारा बेच्या कोपऱ्यात आदळून उलटा येतो आणि कोरडी धूळ होऊन बसते. या हार्डनरला नाकावरचा रुमाल चालत नाही, वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. शेड उघडी होती, तरी मी शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद करायला लावली.

तर ते डोळे. आधी संशय कंप्रेसरवर गेला. पण हवेत तेल असतं तर खड्डे सगळीकडे पडले असते. सरांना विचारलं, "इंजिनवर कधी काही मारता का?"

"अहो, दर दसऱ्याला! गाडीची पूजा झाली की चकाकीचा स्प्रे मारतो मी, स्वतः."

म्हणजे सिलिकॉन. त्याच्यावर रंग धरत नाही, बाजूला सरकतो. असलं काही राहू नये म्हणूनच तर मी दोनदा पुसलं होतं, पेपर मारण्याआधी आणि नंतर. एका फडक्याने ग्रीस रिमूव्हर लावायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. नुसतं वाळू दिलं तर मळ परत तिथेच बसतो. मग राहिलं कुठे? टॉवरच्या कडेने वायरिंगची नालीदार नळी जाते. तिला लांबीभर चीर असते. रंगाआधी धूळ उडवायला मी ब्लोगन फिरवली, तेव्हा कागदाच्या फटीतून हवा त्या चिरेत शिरली असणार आणि आतला स्प्रे टॉवरवर उडाला असणार.

हेल्पर म्हणाला, रंगात फिश आयवरच्या औषधाचे थेंब टाकू. ते औषधही सिलिकॉनच. आजचे खड्डे भरतात, पण पुढच्या प्रत्येक हातात तेच टाकावं लागतं आणि गन खराब होते ती वेगळी. घाईची गॅरेजं सर्रास टाकतात. मी नाही टाकलं. रंग रात्रभर कडक होऊ दिला, प्रायमरपर्यंत घासला, नळी कापून वायरी एकेक पुसल्या, दर वेळी नवं फडकं, तीनदा. मग धुरासारखे दोन कोरडे हात, दहा-दहा मिनिटं थांबून, आणि त्यावर ओला हात. बसला. वॉशरच्या बाटलीमागे दोन खड्डे राहिलेच. ते बाटलीने झाकले गेले, मला मात्र दिसतात.

इंजिन रंगानंतर चौथ्या दिवशी चढवलं, तेही टॉवरवर गोधडी टाकून. मेकॅनिकला दुसऱ्याच दिवशी चेन पुली लावायची होती. पीयू हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही, पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो.

कापलेल्या नळीचा वीतभर तुकडा मी ठेवला होता. परवा प्रायमर मारलेल्या पत्र्याचा अर्धा भाग झाकला, उघड्या भागावर त्या नळीतून हवा मारली, मग झाकण काढून दोन्हीकडे तोच रंग. हवेच्या बाजूला चौदा डोळे. झाकलेल्या बाजूला एक. तो एक कुठून आला, ते अजून सापडलेलं नाही.