तुम्ही विचारलंत म्हणून: लडाखला लॅपटॉप न नेता फोटो कसे सांभाळायचे?

मे उजाडला की हा प्रश्न ठरलेला. ‘नऊ दिवस लडाखला चाललोय. कॅमेरा आहे, फोन आहे, लॅपटॉपचं ओझं नकोय. फोटो उतरवून कुठे ठेवू?’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या ॲपचं नाव हवं असतं. माझं उत्तर त्यापेक्षा जुन्या वळणाचं आहे. घरी पोचेपर्यंत एकही कार्ड पुसायचं नाही, आणि रोज रात्री त्याची एक कॉपी दुसऱ्या बॅगेत गेली पाहिजे.

‘पण मग कार्डं किती लागतील?’ वाटतात तेवढी नाही लागत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न करता जपलेला मूळ फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची असते. दिवसाला २५० फोटो धरले तर ७ जीबी, नऊ दिवसांचे ६३. नुसते जेपेग काढणाऱ्याचं काम याच्या निम्म्यातही भागतं. फोनचा व्हिडिओ मात्र मोजून काढा. आयफोनवर ४के, सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला १७० एमबी खातो, आणि ६० फ्रेम ठेवल्यात तर ४००. नुब्रा खोऱ्यातले उंट ६० फ्रेममध्ये काढून काही जास्त उंट दिसत नाहीत. रोज पाच मिनिटं, ३० फ्रेम, म्हणजे नऊ दिवसांचे साडेसात जीबी. सगळं मिळून सत्तर-पंचाहत्तर जीबी झालं. कॅमेऱ्यासाठी ६४ जीबीची तीन कार्डं नेलीत की जागा उरते.

२५६ जीबीचं एकच कार्ड का नको? ते हरवलं किंवा बिघडलं तर अख्खी सहल जाते म्हणून. उलट १६ जीबीची आठ कार्डंही नकोत. नुब्रातल्या हुंदरच्या वाळूत उभं राहून नखाएवढी वस्तू बदलत बसलं की ती तिथेच पडते, नाहीतर कार्डाच्या खाचेत वाळू जाते. कार्ड बदलायचं ते खोलीत, रात्री. ४के व्हिडिओसाठी कार्डावर ‘व्ही ३०’ लिहिलेलं असलं की पुरे, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. त्याहून महाग घेऊन साध्या कॅमेऱ्यात फरक पडत नाही.

नवं कार्ड निघायच्या आठवडाभर आधी तपासा. स्वस्तात मिळालेलं ‘१२८ जीबी’ आतून ८ जीबीचंही निघतं. वरवर सगळं ठीक दिसतं, कॅमेराही तक्रार करत नाही. ८ जीबी भरले की पुढचे फोटो कुठेच लिहिले जात नाहीत किंवा आधीच्यांवर चढतात. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. तास-दीड तास लागू शकतो, पण तो घरी घालवलेला परवडला.

आता लडाखचा खास मुद्दा. घरी पडलेली जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क बरोबर नेऊ का, असं निम्मे लोक विचारतात. नेऊ नका. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरत असते आणि वाचणारं डोकं तिच्यावर हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगत असतं. हवा विरळ झाली की तो थर आणखी पातळ होतो आणि डोकं तबकडीला घासण्याची भीती वाढते. बहुतेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची कमाल उंची ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट, अशी दिलेली असते. लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, पँगाँग तलाव सव्वाचार हजारांच्या आसपास. डिस्क तिथे चालतेही अनेकदा, पण मुक्कामच सगळे त्या मर्यादेच्या वर असताना एकुलती एक कॉपी तिच्यावर कशाला ठेवायची? एसएसडीत, म्हणजे मेमरी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तिला उंचीचं काही वाटत नाही. टेंपो ट्रॅव्हलरच्या धक्क्यांचंही नाही.

तेव्हा सामान एवढंच: ५०० जीबीची छोटी एसएसडी, सी-टाइपचा एक हब (फोनच्या एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी), आणि एसएसडीबरोबर आलेली आखूड केबल. दोनशे ग्रॅमच्या आत सगळं बसतं. हब घेताना तीन गोष्टी बघा. एसडी कार्डाची खाच हवी, एसएसडीसाठी यूएसबीचं भोक हवं, आणि चार्जर जोडायला वेगळं सी-टाइप भोक हवं. हे तिसरं नसलेले हब स्वस्त मिळतात आणि तेच नडतं, कारण मग एसएसडी आणि कार्ड दोन्ही फोनच्या बॅटरीवर चालतात. केबलही कोणतीही चालत नाही. चार्जरबरोबरच्या बऱ्याच केबली डेटा हळू नेतात, काही तर नेतच नाहीत. लायटनिंगवाला (सी-टाइपच्या आधीच्या भोकाचा) जुना आयफोन असेल तर साध्या जोडणीवर एसएसडी चालायची नाही, चार्जर लावता येणारा कॅमेरा ॲडाप्टर लागेल. पेन ड्राइव्हनेही भागतं, पण सुरुवातीचे एक-दोन जीबी भराभर गेल्यावर त्यातले बरेचसे तापतात आणि मग सेकंदाला १०-१५ एमबीवर येऊन बसतात.

एसएसडी घरीच ‘एक्सफॅट’ या मांडणीत फॉरमॅट करून घ्या. विंडोजची सवयीची ‘एनटीएफएस’ बऱ्याच फोनना लिहिता येत नाही. ‘फॅट ३२’ सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे लांब व्हिडिओ अडला. एक्सफॅटचा एक दोष लक्षात ठेवा. लिहिणं चालू असताना वायर निघाली तर ती सावरत नाही, कधीकधी अख्खा फोल्डर जातो. आणि हे सगळं जोडून एकदा घरी, त्याच फोनवर, करून बघा. काही अँड्रॉइड फोनमध्ये ओटीजी (बाहेरची साठवण फोनला जोडायची सोय) सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. हा शोध पँगाँगच्या तंबूत लागू नये.

रात्रीचं काम वीस मिनिटांचं. जेवणाआधी उरकावं, कारण तंबूंमध्ये वीज बहुधा संध्याकाळचे काही तासच असते. कॅमेरा बंद करून कार्ड काढायचं आणि त्याच्या बाजूचं बारीक बटण ‘लॉक’कडे सरकवायचं. अँड्रॉइड फोन कार्ड दिसताच त्यावर आपले एक-दोन फोल्डर तयार करून ठेवतो, ते यामुळे टळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणेल तेव्हा घाबरू नका, बटण तुम्हीच सरकवलेलं असतं. बटण तुटून पडलं तर कार्ड कायमचं लॉक झाल्यासारखं वागतं. त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की पुन्हा चालतं.

जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी हब फोनला, मग चार्जर हबला, मग एसएसडी, शेवटी कार्ड. कॉपी चालू असताना चार्जर लावला किंवा काढला की हब विजेची वाटणी नव्याने करतो आणि त्या क्षणभरात एसएसडी सुटते. कॉपी अर्धवट राहते आणि फोन प्रत्येक वेळी ते सांगतोच असं नाही. गावाची वीज गेली तरी हेच होतं, म्हणून भिंतीतल्या सॉकेटपेक्षा पॉवर बँक बरी. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची होते, विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसते. फक्त ती हातातल्या बॅगेत हवी, चेक-इनमध्ये नाही.

एसएसडीवर नवा फोल्डर करायचा आणि नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहायचं, पुढे जागा आणि कार्डाचा नंबर. ‘२०२६-०६-१४ पँगाँग कार्ड २’. असं लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेनुसार लागतात. रोज वेगळा फोल्डर हवाच, कारण कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो. एकाच फोल्डरात सगळं ओतलं तर जुन्या फोटोवर त्याच नावाचा नवा फोटो चढतो.

आणि कॉपी, कट नाही. कट अर्ध्यावर तुटलं तर कोणती फाइल कुठे राहिली याचा पत्ता लागत नाही. फक्त ‘डीसीआयएम’ हा फोटोंचा फोल्डर उचलू नका, अख्खं कार्ड उचला. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ डीसीआयएममध्ये नसतातच, ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरात खोल आत असतात. फोटो सगळे आले आणि व्हिडिओ एकही नाही, या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं. कॉपी होईस्तोवर स्क्रीन चालू राहू द्या. सेकंदाला ४० एमबीचा वेग मिळाला तर ७ जीबीला तीन मिनिटं लागतात.

मग तपासणी, जी सगळे टाळतात. कार्डावरच्या आणि एसएसडीवरच्या फाइलींची संख्या जुळवा आणि एकूण आकारही. छोटी चित्रं दिसली म्हणजे फोटो शाबूत, असं नसतं. रॉ फाइलच्या आत एक लहान जेपेग आधीच भरलेलं असतं आणि फोन तेच दाखवतो. मूळ फाइल अर्धी तुटलेली असली तरी ते चित्र छान दिसतं. घरी उघडल्यावर कळतं की खालचा अर्धा भाग राखाडी पट्टा आहे. म्हणून आकार जुळवायचा. वर पहिला, मधला आणि शेवटचा फोटो एसएसडीवरून मोठा करून बघायचा, एक व्हिडिओ शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत चालवायचा. अँड्रॉइडवर ‘इजेक्ट’ दाबून, आयफोनवर कॉपीचं वर्तुळ पूर्ण होऊन थोडं थांबून वायर काढायची.

फोनमधले फोटोही त्याच फोल्डरात घ्या, ते लोक विसरतात. आयफोनवाल्यांनी निघण्यापूर्वी सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू आहे का बघावं. ते चालू असेल तर जुन्या फोटोंच्या मूळ फाइली फोनमध्ये नसतात, रेंज असेल तरच आयक्लाउडवरून (ॲपलच्या नेटवरच्या साठ्यातून) खाली येतात. आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं.

‘गूगल फोटोजवर आपोआप जातंच की सगळं.’ जात नाही. फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जे १५ जीबी मिळतात त्यातच मेल आणि ड्राइव्हही बसतं. समजा होमस्टेच्या वायफायला वर चढवण्याचा ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट; आठ मेगाबिटांचा एक एमबी) वेग मिळाला, तरी ६ जीबीला दोन तास चाळीस मिनिटं लागतील, तीही एकट्याला मिळाला तर. शिवाय बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून पुसला की फोनमधून आणि गूगलवरूनही जातो, फार तर ६० दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो. आयक्लाउडचंही तसंच, तिथे ३० दिवस. प्रवासात ‘जागा मोकळी करा’ या बटणाला हात लावू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेले फोटो हा तर बॅकअपच नव्हे. ते लहान होतात आणि कधी काढले ही नोंद निघून जाते. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेटचा खरा उपयोग शेवटच्या दिवशी लेहमध्ये: नऊ दिवसांतले पन्नास फोटो निवडायचे, जेपेग, प्रत्येकी १० एमबी धरून ५०० एमबी, आणि तेवढेच वर चढवायचे. बॅगा हरवल्या तरी ते पन्नास राहतात.

कुठे काय ठेवायचं, हे त्याहून महत्त्वाचं. भरलेली कार्डं प्लॅस्टिकच्या डबीत, अंगावरच्या चेनच्या खिशात. एसएसडी जोडीदाराच्या बॅगेत, कॅमेऱ्याच्या बॅगेत कधीच नाही, कारण चोरीला जाते ती कॅमेऱ्याची बॅग. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दोन्हीवर एकदम लिहायचं सेटिंग जरूर ठेवा, पण त्याने कार्ड बिघडलं तर सोय होते, कॅमेरा हरवला तर नाही. विमानतळावरच्या एक्स-रेने कार्डाला काही होत नाही, ती भीती फिल्मच्या रोलची होती.

एखादं कार्ड लावल्यावर फोनने ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा. चुकून पुसलं गेलं असेल तर ते कार्ड तत्क्षणी काढा, लॉक करा, वर टेप लावून बाजूला ठेवा. पुसल्यावर आधी फक्त यादीतली नोंद जाते, फोटो जागेवरच असतो, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. घरी ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्राम त्यातलं बरंच परत काढतो, नावं मात्र परत येत नाहीत. फोनच्या आतल्या मेमरीतून कायमचं पुसलेलं असं परत मिळेल, ही आशा धरू नका.

घरी आल्यावर कॉम्प्युटर आणि ती जुनी हार्ड डिस्क, दोन्हीकडे उतरवा. पुण्याच्या साडेपाचशे मीटरवर ती बिनघोर चालते. दोन्हीकडचे आकडे जुळले की कार्डं कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करायची. कॅमेरा नाही म्हणाला तर ते बाजूचं बारीक बटण बघा.