आमची वाटचाल: मशीनच्या आधी भट्टी

भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. करंट ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे मोठा करंट मोजता यावा म्हणून प्रमाणात लहान करून देणाऱ्या सीटीला, लागणारे गोल कोअर (पातळ पट्टी गुंडाळून केलेले गाभे) आम्ही बनवतो. वडील एका स्विचगिअर कारखान्यात भट्टीवर होते. नव्वदच्या दशकात व्हीआरएस घेतली आणि आलेल्या पैशांतून त्यांनी वाइंडिंग मशीनच्या आधी भट्टी बसवली. ओळखीच्यांनी वेड्यात काढलं. पट्टी काय, कुणीही गुंडाळतं!

गुंडाळतं खरं, पण सीआरजीओ (कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड) पट्टी नाजूक प्रकरण आहे. हे सुमारे ३ टक्के सिलिकॉनचं पोलाद. त्यातले स्फटिक असे लागलेले असतात की रोलिंगच्या दिशेने चुंबकत्व पटकन चढावं. मिलमधून माल चांगलाच येतो, बिघडवतो आपण. स्लिटिंगमध्ये, म्हणजे रुंद पट्टी कापून अरुंद करताना, कडा चेपतात, बर (कडेला उठलेला धारदार कंगोरा) येतो. पट्टी जितकी अरुंद, तितका चेपलेल्या कडेचा वाटा मोठा. पुढे ०.२७ मिमीची पट्टी लहान मँड्रेलवर (गुंडाळायच्या गोल साच्यावर) वळवली की कायमची वाकते. असा ताण बसला की पर्मिअ‍ॅबिलिटी (चुंबकत्व किती सहज चढतं ते) घसरते, लॉस, म्हणजे कोअरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज, वाढतो.

तो ताण भट्टीतच निघतो. साधारण ८०० ते ८२० अंश, कोरडा नायट्रोजन आणि मग सावकाश थंड करणं. या शेवटच्या टप्प्यावर सगळ्यांनाच घाई असते, कारण गिऱ्हाइकाचा फोन वाजत असतो. गरम माल बाहेर काढला की वरचे थर आधी आवळतात आणि काढलेला ताण पुन्हा आत बसतो. पावसाळ्यात आणखी एक डोकेदुखी: नायट्रोजनच्या लाइनमध्ये दमट हवा शिरली की कोअर निळसर पडून निघतात.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला. ०.५ क्लासचे (पूर्ण करंटला चूक अर्ध्या टक्क्याच्या आत हवी असे) मीटरिंग सीटी, १०० टक्के करंटला पास, ५ टक्क्यांना नापास. आमच्या रिपोर्टवर आकडे चोख होते. त्यांच्या कारखान्यात गेलो. कोअर फॉर्मरवर (बसवायच्या साच्यावर) जरा घट्ट बसत होता म्हणून हेल्पर लाकडी हातोडीने ठोकून बसवत होता. बोललो काहीच नाही. एका कोअरवर तारेचे वेढे घालून मीटर लावला, हातोडीचे दोन ठोके दिले आणि तेवढ्याच व्होल्टेजला चढलेला एक्सायटिंग करंट (कोअरमध्ये चुंबकत्व आणायला खर्ची पडणारा करंट) त्यांच्या मॅनेजरला दाखवला. कमी करंटच्या मोजणीत चूक वाढते ती यामुळेच. सीटी रेझिनमध्ये ओतून बंद करणाऱ्या रेझिन कास्टिंगवाल्यांचंही तेच. रेझिन आकसून कोअर दाबतं, म्हणून खाली फोमची मऊ गादी द्या, असं आम्ही चलनावरच छापतो. वाचतं कोण, हा भाग वेगळा.

अलीकडे नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांच्या पट्टीचे, कोअरही करतो. अ‍ॅनीलिंगनंतर, म्हणजे भट्टीतून निघाल्यावर, ती पट्टी बोटाने दाबली तरी तुटते, म्हणून ते कोअर प्लास्टिकच्या डबीतच जातात. डबीचा खर्च वेगळा लागतो, आणि त्यावर घासाघीस होत नाही.