प्लेटोचं रिपब्लिक एकदाचं वाचून झालं

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं हे न्यायावरचं पुस्तक, सगळं संवादात लिहिलेलं, आधी दोनदा सोडलं होतं. पहिल्यांदा कॉलेज संपल्यावर, तेव्हा सरळ सातवा भाग उघडला कारण गुहेचं रूपक तिथे आहे आणि व्हिडिओवाले सगळे तेवढंच सांगतात, गुहेत साखळ्यांनी बांधलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं समजतात, एक जण सुटून वर सूर्यापर्यंत पोचतो वगैरे, वाचलं, छान वाटलं आणि हाती काही लागलं नाही. दुसऱ्यांदा पहिल्या पानापासून सुरू केलं आणि तिसऱ्या भागात अडकले, जिथे ग्रीक महाकवी होमरच्या कुठल्या ओळी मुलांना शिकवायच्या आणि कुठल्या गाळायच्या यावर पानंच्या पानं जातात. मी अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर आकड्यांत डोकं घालून झाल्यावर रात्री साडेदहाला ते झेपेना. यंदा पाच महिन्यांत दहाच्या दहा भाग संपवले, म्हणून लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

यावेळी एक शहाणपणा केला, रिपब्लिकला लगेच हात लावला नाही. आधी प्लेटोचंच अपॉलॉजी वाचलं, म्हणजे त्याचा गुरू सॉक्रेटिस याचं कोर्टातलं भाषण, छोटंसं आहे, दोन रात्रींत होतं. इ.स.पू. 399, सत्तरीचा सॉक्रेटिस कोर्टात उभा, समोर साधारण 500 ज्युरर, आणि दोषी ठरल्यावर हा म्हणतो की मला वाटलं होतं फरक जास्त असेल, 30 मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो. नागरिकांच्या अशा मतांनीच गुरूला मरणाची शिक्षा झाली, पुढे प्लेटो लोकशाहीवर इतका का उखडलेला असतो ते इथे थोडं कळतं. पण त्याच भाषणात दुसरीही गोष्ट आहे. अथेन्समध्ये काही महिने तीस जणांची राजवट होती, त्यांनी सॉक्रेटिससकट पाच जणांना सांगितलं की सलामिसहून लिऑन नावाच्या माणसाला धरून आणा, म्हणजे मारायला. चौघे गेले आणि हा आपला सरळ घरी गेला. हे मी दोनदा वाचलं.

मग मेनो घेतलं, प्लेटोचाच आणखी एक संवाद. प्रश्न असा की सद्गुण शिकवता येतो का. इथे मला शब्दानेच त्रास दिला, कारण आपल्या 'सद्गुण' शब्दाला शाळेच्या फळ्यावरच्या सुविचाराचा वास येतो, आणि ग्रीक 'अरेटे' घोड्यालासुद्धा लागू होतो, ज्याचं जे काम ते उत्तम करण्याची ताकद. रिपब्लिकच्या पहिल्या भागात डोळ्यांचा आणि कानांचा अरेटे येतो तेव्हा माझ्या डोक्यात लाइट लागला, तोवर मी उगाच नम्रता आणि सत्य बोलावे असलं काहीतरी धरून बसले होते.

मेनोमध्ये सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवतो, 2 फूट बाजूचा, आणि विचारतो की याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यायची. आता योगायोग बघा, आमच्या हॉलमधल्या टाइल्स 2 बाय 2 च्याच आहेत. सुट्टीत बहिणीचा मुलगा आला होता, सहावीत आहे, त्याला म्हटलं ही टाइल किती स्क्वेअर फूट. चार. मला आठची चौरस टाइल हवीय, बाजू किती? तो फटकन म्हणाला चार, डबल ना. म्हटलं मोज. चार टाइल्स, सोळा. गप्प झाला, मग म्हणाला तीन. तीन त्रिक नऊ, स्वतःच म्हणाला आणि स्वतःच चिडला. पुस्तकातला मुलगा अगदी हीच दोन उत्तरं देतो, याच क्रमाने, दोन हजार चारशे वर्षांपूर्वीची चूक आमच्या हॉलमध्ये जशीच्या तशी! मग पाचेक मिनिटं काही नाही. "मावशी, तुलाच येत नाहीये ना?" शेवटी खडूने चारही टाइल्सवर कर्ण काढले, मध्ये तिरका चौरस उभा राहिला, त्याने अर्धे तुकडे मोजले, एकेक अर्धा दोनचा, असे चार, आठ.

सॉक्रेटिस म्हणतो की मी काही शिकवलं नाही, फक्त विचारलं, ज्ञान त्याच्या आतच होतं. मला हे पूर्ण पटलं नाही, कारण कर्ण मी काढला होता आणि पुस्तकातही ती रेघ तोच सुचवतो. पण दुसरं एक पटलं. तो म्हणतो, लॅरिसा नावाच्या गावाचा रस्ता माहीत असलेला माणूस तिथे पोचतो आणि नुसता बरोबर अंदाज असलेलाही पोचतो, मग फरक काय? फरक असा की बरोबर मत बांधून ठेवलं नाही तर पळून जातं, कारणाने बांधलं की ज्ञान. आमच्याकडे हे मार्चमध्ये दरवर्षी दिसतं, ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज, टॅली होतो, सगळे खूश, आणि नंतर कळतं की दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं होतं.

मगच रिपब्लिक घेतलं. दोन ट्रान्सलेशन होती, जोवेटचं जुनं फुकट मिळतं ते आणि एक सेकंडहँड. पान नंबर जुळायचे नाहीत म्हणून वैतागले होते, मग मार्जिनमधले 327, 514 असले आकडे लक्षात आले, ते 1578 च्या एका छापील आवृत्तीचे पान नंबर आहेत आणि जगभर तेच वापरतात, कुठलंही ट्रान्सलेशन घ्या. रिपब्लिक 327 ला सुरू होतं आणि 621 ला संपतं. आधीच कुणी सांगितलं असतं तर!

आणि पेन्सिल. यात सॉक्रेटिस बोलत जातो आणि प्लेटोचा भाऊ ग्लॉकॉन सारखा "हो, अगदी बरोबर" म्हणत असतो आणि वाचता वाचता आपणही मान डोलवत जातो, मग वीस पानांनी बघतो तर भलतीकडेच पोचलोय. म्हणून ठरवलं, जिथे मी असते तर नाही म्हटलं असतं तिथे फुली. वाचन निम्म्या वेगाने झालं पण झोप येणं बंद झालं.

पहिल्या भागातली माणसं कोण हे शोधलं त्याचाही फायदा झाला. ही सगळी चर्चा पिरेयस बंदरातल्या पोलेमार्कसच्या घरी चालते, म्हातारे केफलस त्याचे वडील. सॉक्रेटिसला जेवणाचं आणि घोड्यावरच्या मशालींच्या शर्यतीचं आमिष दाखवून थांबवतात (जेवण शेवटपर्यंत येत नाही, शर्यतही नाही). न्याय म्हणजे काय, पोलेमार्कस म्हणतो मित्राचं भलं, शत्रूचं वाईट. तिथलाच दुसरा पाहुणा थ्रॅसिमॅकस अंगावर येतो, न्याय म्हणजे बलवानाचा फायदा, बाकी सगळं भोळ्यांसाठी. आणि लिहिताना प्लेटोला हे पक्कं माहीत आहे की इ.स.पू. 404 मध्ये त्याच तीस जणांनी पोलेमार्कसला खटला न चालवता विष प्यायला लावलं. भाऊ लिसियास मागच्या दाराने पळाला म्हणून वाचला, त्याने नंतर कोर्टात हिशेबच मांडला, 700 ढाली, 120 गुलाम नेले, आणि पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातली सोन्याची रिंगसुद्धा काढून घेतली. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियास हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. हे कळल्यावर 'बलवानाचा फायदा' हे वाक्य मला वर्गातल्या वादासारखं वाचताच येईना.

बाकी फुल्यांचं सांगते. सोनं, चांदी, लोखंड मिसळून देवाने माणसं घडवली असं लोकांना सांगायचं, ते मुद्दाम सांगायचं खोटं आहे हे प्लेटो लपवत नाही. आपल्याकडच्या माणसाला काय आठवतं ते लिहायला नको. लोखंडाच्या घरी सोन्याचं मूल जन्मलं तर त्याला वर न्यायचं हीही अट तो घालतो, पण ते मूल ओळखणार कोण? मोठी फुली. पाचव्या भागात बायकांनाही पुरुषांसारखंच शिक्षण आणि राज्यकारभार, मी खुशीत, आणि पुढच्याच पानांवर मुलं आईपासून काढून घ्यायची, जोड्या ठरवायला चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्याही राज्यकर्त्यांनी आतून फिरवलेल्या. दोन फुल्या. आठवा भाग मात्र एका बैठकीत संपला. लोकशाहीत बाप मुलांना घाबरतो, मास्तर विद्यार्थ्यांची खुशामत करतात, रस्त्यावरची गाढवंसुद्धा बाजूला होत नाहीत, इतकं मजेशीर लिहिलंय की राग येत नाही, आणि मग तिथूनच लोकांचा कैवारी म्हणवणारा एक जण बॉडीगार्ड मागतो, तिथे हसू थांबतं. नवव्या भागात हुकूमशहा राजापेक्षा 729 पटींनी कमी सुखी असतो असा हिशेब आहे, मी कॅल्क्युलेटरवर केला, नवाचा घन, बरोबर आहे, पण नऊ कुठून आणले ते विचारू नका.

एकूण 41 फुल्या झाल्या. गुहा यावेळी वेगळी वाटली, कारण सावल्यांपेक्षा परत खाली जाणं महत्त्वाचं आहे, वर पोचलेल्याला खाली यायचंच नसतं, त्याला जबरदस्तीने राज्य करायला लावावं लागतं. पहिल्या भागातच सॉक्रेटिस बोलून गेलेला असतो की भला माणूस राज्य करायला तयार होतो तो पैशासाठी नाही, आपल्याहून वाईट माणसाच्या हाताखाली राहायची शिक्षा नको म्हणून. तिथे फुली नाही, तिथे मी रेघ मारलीय.

भाचा परवा फोनवर म्हणाला, मावशी, दुप्पट झालं, तिप्पट कसं करायचं? बारा स्क्वेअर फूट, चौरसच हवा. मला आलं नाही. प्लेटोचं थिएटेटस उघडलंय, त्यात सुरुवातीलाच थिओडोरस नावाचा गणितज्ञ अशाच न मोजता येणाऱ्या बाजू दाखवत तीन चौरस फुटांच्या चौरसाच्या बाजूपासून सुरुवात करून सतरापर्यंत जातो. खडू अजून हॉलमध्येच आहे.