बासचा हात, ट्राउटची नदी

कुडाळला बाबांबरोबर गरवायला जायचे तेव्हा बांबूची काठी, तंगूस आणि गरीला टोचलेलं गांडूळ एवढाच सरंजाम असायचा. अमेरिकेतल्या जॉर्जियात आल्यावर मात्र मी बास या माशाच्या नादाला लागले. आमच्या घरापासून लेक लॅनियर वीस मिनिटांवर आहे आणि तिथला स्पॉटेड बास भलताच जोमदार. सात फुटी जाड रॉड, बेटकास्टर रीळ, पंधरा पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) दोर यांची हाताला इतकी सवय झाली होती की मासेमारी म्हणजे हेच, असं वाटायला लागलं होतं.

मेमध्ये शेजारचे काका म्हणाले, "अगं, धरणाच्या वर एवढी वर्षं मासे धरतेस, एकदा धरणाच्या खाली ये की."

लॅनियर अडवणारं ब्यूफर्ड धरण १९५०च्या दशकात बांधलं. उन्हाळ्यात जलाशयाचं वरचं पाणी तापतं, तळाचं थंडच राहतं आणि धरणातून चॅटाहूची नदीत सोडलं जातं ते हे तळाचं पाणी. त्यामुळे जॉर्जियाच्या उकाड्यातही धरणाखाली नदी साधारण १० अंशांवर असते. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. एरवी ज्या भागात तो जगलाच नसता, तिथे तो धरणामुळे टिकतो. रेनबो ट्राउट सरकारी मत्स्यबीज केंद्रातून सोडतात. ब्राउन ट्राउट मात्र इथे आपसूक वाढतो. राज्यातला विक्रमी ब्राउन, २० पौंड १४ औंसांचा, २०१४मध्ये याच नदीत मिळाला.

आदल्या रात्री मासेमारीच्या परवान्याला ट्राउटचा परवाना जोडून घेतला. काकांनी पाणी सोडण्याचं वेळापत्रक फोनवर ऐकलं आणि पहाटे निघताना पुन्हा ऐकलं. धरणातून वीजनिर्मिती सुरू झाली की काही मिनिटांत पाणी कित्येक फूट चढतं. या टप्प्यात, म्हणजे धरणापासून हायवे २०च्या पुलापर्यंत, लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. ते नुसतं गाडीत ठेवून चालत नाही.

सहाला धरणाखालच्या लोअर पूल या जागी पोचलो तेव्हा नदीवर दाट धुकं होतं. थंड पाण्यावर दमट उबदार हवा, त्यामुळे समोरचा काठ दिसत नव्हता. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, चढवून कमरेचा पट्टा आवळला आणि पाण्यात पाय घातला. वेडर्समधूनही पोटऱ्यांना गारठा जाणवला.

काकांनी हातात दिलेला रॉड पाच-सहा फुटांचा आणि काडीसारखा हलका होता. बोटभर रीळ, चार पौंडी दोर, टोकाला एक सोळांश औंसाचा स्पिनर, म्हणजे ओढताना पातं फिरणारं आमिष. दोन ग्रॅमही नाही! मी बाससाठी दहा-बारा ग्रॅमचं आमिष फेकणारी. पहिले चार कास्ट, म्हणजे आमिषाच्या फेकी, पुढ्यातच पडले. हा रॉड ताकदीने फिरवायचा नसतो, त्याला मागे वाकू द्यायचं आणि मग मनगटाने सोडायचं, हे कळायला अर्धा तास गेला.

कास्ट जमला, पण मासा निसटला. स्पिनरला टिचकी बसल्यासारखं झालं आणि मी सवयीने रॉड खांद्यापर्यंत खेचला. दोर तुटला. दुसऱ्या वेळी दोर टिकला, पण गळ सुटला.

"झटका कशाला देतेस?" काकांनी विचारलं. "तो स्वतःच अडकतो. तू फक्त दोर ताठ ठेव."

त्यांचं म्हणणं मला तिथेच थांबून नीट समजून घ्यावं लागलं. बासला प्लास्टिकचा किडा लावताना गळाचं टोक आपण त्या किड्यातच लपवतो. मासा धरला की जोरदार झटका द्यावाच लागतो, कारण गळाला आधी प्लास्टिकमधून आरपार जायचं असतं आणि मग बासच्या कडक जबड्यात रुतायचं असतं. स्पिनरचा गळ उघडा, बारीक आणि धारदार. ट्राउटचं तोंड नाजूक. इतकी वर्षं जो झटका मला मासा मिळवून देत होता, तोच इथे मासा घालवत होता. मी रीळचा ड्रॅग, म्हणजे दोर अडवणारा ब्रेक, सैल केला, इतका की दोर हाताने ओढला तर सहज सुटावा. चार पौंडी दोराला एक पौंडाचा ताण पुरे.

मग प्रवाह वाचायला शिकले. तलावात मी बुडालेली झाडं, धक्क्याच्या सावल्या, खोल उतार शोधते. इथे मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि खाणं वाहत त्याच्याकडे येतं. जोरदार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, त्या रेषेला संथ बाजूने लागून तो असतो: कमी श्रमात जास्त घास. आमिष वरच्या अंगाला तिरकं टाकायचं आणि प्रवाहापेक्षा जरासं वेगाने गुंडाळायचं, नाहीतर स्पिनरचं पातं फिरतच नाही. पण पातं फिरलं की दोरालाही पीळ पडतो. माझा दोर दोनदा गुंतला, तेव्हा काकांनी खिशातून बारीक स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, काढून बांधून दिला.

आठच्या सुमारास पहिला रेनबो मिळाला. नऊ-दहा इंचांचा, पण त्या काडीसारख्या रॉडवर त्याने उडी मारली तेव्हा माझं काळीज धडधडत होतं. मी अंगठा तोंडात घालून जबडा धरायला गेले, बासला धरतात तसा. "नको, दात आहेत त्याला," काका म्हणाले. "आधी हात ओले कर, आणि पाण्यातच ठेव." कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि नंतर त्याला रोग धरतात. पकडलेला ट्राउट सोडायचा असेल तर ही काळजी घ्यायलाच हवी.

आणखी चार रेनबो मिळाले. साडेदहाला एका काळ्या खडकामागे टाकलेला स्पिनर नुसता थांबला. मी झटका दिला नाही. दोर ताठ धरला, आणि मासा खाली प्रवाहाकडे पळाला. ड्रॅग किरकिरत राहिला. मी दहा पावलं त्याच्यामागे गेले, निसरड्या गोट्यांवर एकेक पाय रोवत. जाळीत आला तो तेरा इंचांचा ब्राउन: पिवळसर अंग, काळे ठिपके, मध्येच लाल, भोवती फिकट कडं. कोणी सोडलेला नव्हता, याच थंड पाण्यात जन्मलेला होता. त्याला दोन्ही हातांत प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले उघडमीट झाले आणि तो बोटांतून निघून गेला. मी बराच वेळ तशीच वाकून उभी होते.

अकराला पाणी सोडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. काकांनी माझ्या आधी दोर गुंडाळला होता. वर येऊन गाडीपाशी डबा उघडेपर्यंत तो काळा खडक पाण्याखाली गेला होता.

पुढच्या शनिवारी हायवे २०च्या खालच्या बाजूला जायचं ठरलंय. तिथे मेडलॉक ब्रिजपर्यंत फक्त कृत्रिम आमिष चालतं. घरी येऊन मी माझ्या तिन्ही स्पिनरचे तीन-तीन टोकांचे गळ काढले आणि एकेरी गळ बसवले, तेही टोकामागचा उलटा काटा दाबून.