फाट्याचं काम यादीत कसं आलं: गाड्यांच्या मोजणीवर अडकलेली फाईल

ट्रॅफिक सोडवायला फंड नाही असं तुम्हाला कुठल्या कार्यालयात सांगितलं तर तिथून लगेच उठू नका, पुढचा प्रश्न विचारा की आमच्या चौकातल्या गाड्या कधी मोजल्या आणि कुठे उभं राहून मोजल्या. फंड असतो, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या चौकावर तो खर्च होतोच. तो आपल्या चौकापर्यंत का येत नाही याचं कारण आमच्या बाबतीत एका तक्त्यात होतं आणि त्या तक्त्यापायी मी जो मनस्ताप काढलाय तो अजून उतरलेला नाही.

आम्ही पुण्याच्या बाजूलाच राहतो. माझा डब्यांचा व्यवसाय आहे, एमआयडीसीतल्या कंपन्यांना दुपारचे आणि सेकंड शिफ्टचे डबे जातात. मोठ्या रस्त्यावरून एमआयडीसीकडे जो फाटा फुटतो तिथे एक ट्रेलर वळायला लागला की दोन्ही बाजू बंद, आणि ज्यांना नुसतं डावीकडे जायचंय तेही त्याच रांगेत. माणसं जेवायची थांबलीत आणि टेम्पो समोर दिसणाऱ्या फाट्यापर्यंत पोचत नाही, हे रोज बघून मी यात पडले. मागणी साधी होती, डावीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी लेन आत्ता द्या, उड्डाणपुलाचं नंतर बघा.

ग्रामसभेचा ठराव, आमदारांचं शिफारस पत्र, कंपन्यांच्या सह्या हे सगळं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रस्ता कोणाचा हे मात्र सगळ्यात आधी शोधा कारण पैशाचा रस्ता तिथूनच वेगळा होतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर पैसा केंद्राचा, आणि काम एनएचएआय म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण करते नाहीतर राज्याच्या बांधकाम खात्यातला राष्ट्रीय महामार्ग विभाग करतो. राज्यमार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर राज्याच्या बजेटमधून, त्यात रुंदीकरणासारखी कामं ५०५४ या हेडखाली, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या खात्याखाली, आणि देखभाल दुरुस्ती ३०५४ खाली, म्हणून खड्ड्यांचे पैसे मिळाले तरी त्यातून लेन वाढत नाही. पेट्रोल डिझेलवरच्या सेसमधूनही राज्यांच्या रस्त्यांना पैसे येतात, त्या निधीला २०१८ पासून केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी म्हणतात. आणि आमच्याकडे पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, ३१ मार्च २०१५ ला स्थापन झालेलं, त्याचा पैसा मुख्यतः बांधकाम परवानगीच्या विकास शुल्कातून आणि जमिनींतून येतो. म्हणजे या पट्ट्यात ज्याने ज्याने फ्लॅट घेतला त्याने बिल्डरमार्फत त्यात भर घातलीय. त्यामुळे विचारायला लाजू नका, तो आपलाच पैसा आहे. आमचा रस्ता कोणाकडे आहे ते इथे लिहीत नाही, त्या टेबलावरची माणसं आता बदललीत आणि मला कोणाचं नाव खराब करायचं नाही.

तर त्या कार्यालयात अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला, आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं की सदर ठिकाणची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेच्या आत असल्याने सुधारणेची आवश्यकता दिसून येत नाही. मी ते पत्र टेम्पोत बसून वाचलं, समोर तोच फाटा, गाडी हलत नव्हती. रस्त्याची क्षमता काढतात ती पीसीयूमध्ये, म्हणजे पॅसेंजर कार युनिटमध्ये. प्रत्येक गाडी किती कारच्या बरोबर ते धरतात, मोटारसायकल अर्धी, कार एक, ट्रक किंवा बस तीन, ट्रॅक्टर ट्रॉली साडेचार, आणि बैलगाडी तर आठ कारच्या बरोबर. हे सगळं इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, आणि त्यातच सपाट भागातल्या दोन पदरी रस्त्याला दिवसाला साधारण १५,००० पीसीयू ही मर्यादा धरलेली आहे. आमचा आकडा कागदावर त्याच्या बराच खाली होता, जे शक्यच नाही, इथे निम्म्या गाड्या ट्रेलर आणि कंटेनर आहेत.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. इथे एक सांगते, नुसत्या झेरॉक्स मागू नका, अवलोकन मागा, म्हणजे समोर बसून फाईल बघायची, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. झेरॉक्समध्ये तेच येतं जे आपण मागितलं, आणि काय मागायचं हे फाईल बघितल्याशिवाय कळतच नाही. तर फाईल समोर आली. मोजणीची मूळ पानं होती, तासाची एक ओळ, गाड्यांच्या प्रकाराचा एक रकाना, आणि त्यात पेन्सिलीने चार उभ्या रेघा आणि त्यांना कापणारी पाचवी आडवी. बैलगाडीचा रकाना पूर्ण कोरा. आणि वरच्या कोपऱ्यात मोजणी केंद्राचं ठिकाण, किलोमीटरच्या दगडासकट. तो दगड आमच्या फाट्याच्या पलीकडे आहे, पेट्रोल पंपाच्याही पुढे! एमआयडीसीत वळणारा एकही ट्रेलर तिथपर्यंत जातच नाही, तो अलीकडेच वळतो. मोजणाऱ्यांनी मोजणी प्रामाणिकपणे केली होती, पण ज्या गाड्यांमुळे कोंडी होते त्या गाड्या त्यांच्या समोरून गेल्याच नव्हत्या.

मला वाटलं झालं काम, चूक सापडली, आता फाट्यावरच मोजा. चौकात कुठून आलेली गाडी कुठे वळते ते मोजायची वेगळी पद्धत असते, टर्निंग मूव्हमेंट काउंट म्हणतात, ती करा असा अर्ज दिला. आणि इथून पुढे जे सुरू झालं त्याने माझा जीव खाल्ला.

टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, ताई, मोजणीला हेड नाही. मंजूर कामाच्या एस्टिमेटमधून मोजणीचा खर्च होतो, तुमचं काम मंजूर कुठंय. मी म्हटलं काम मंजूर करायला मोजणी लागते असं तुमच्याच पत्रात लिहिलंय ना. ते म्हणाले, हो, लागतेच. आणि ते पुढच्या माणसाकडे बघायला लागले. म्हणजे मोजणी नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून मोजणी नाही, आणि हे मला असं सांगितलं जात होतं की जणू पावसाळ्यात पाऊस पडतो. साहेबांना भेटायचं तर साहेब मीटिंगला. भेटले तेव्हा म्हणाले, वर प्रस्ताव पाठवतो. वर म्हणजे कुठे विचारलं तर मंडळ कार्यालय. मंडळ कार्यालयात गेले तर ते म्हणतात खालून आलंच नाही. परत खाली आले तर प्रस्ताव टिपणीवर आहे. टिपणीवर कोणाची सही राहिलीय तर ज्यांची राहिलीय ते निवडणुकीच्या ड्युटीवर. दिवाळीच्या आधी दिलेला अर्ज, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तरी त्याच फाईलमध्ये त्याच पानावर. सगळे गोड बोलायचे, बसा म्हणायचे, चहा मागवायचे, त्याचाच जास्त राग यायचा. भांडायला समोर कोणी नाही आणि काम पण नाही.

त्यातच आमच्या गावातली सिव्हिल इंजिनिअरिंगची पोरं पुढे आली. त्यांनी एका वर्किंग डेला पतसंस्थेच्या गच्चीवर कॅमेरा लावून पहाटेपासून रात्रीपर्यंत फाट्याचं शूटिंग केलं, मग बसून प्रत्येक वळणाची मोजणी केली, सरांकडून तपासून घेतली, आणि आकडा १५,००० च्या वर गेला. काय अभिमान वाटला होता त्या पोरांचा! कार्यालयाने एका ओळीत परत केलं, सदर मोजणी अधिकृत नाही.

आता हे सुटलं कसं ते सांगते. प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, त्यात पोलीस, आरटीओ, रस्त्यांची कार्यालयं सगळे एकाच टेबलावर. तिथे विषय घ्यायचा तर कोंडी हा शब्द फार चालत नाही, अपघात चालतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ब्लॅक स्पॉटची व्याख्या आहे, साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात मागच्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. आमच्या फाट्यावर अपघात होते, पण फाट्याच्या अलीकडे एका गावाची हद्द आणि पलीकडे दुसऱ्या गावाची, त्यामुळे नोंदी दोन गावांच्या नावावर वाटल्या गेलेल्या आणि कुठल्याच यादीत पाच होत नव्हते. पोलीस ठाण्यातून नोंदी घेऊन आम्ही त्या घटनास्थळाच्या वर्णनावरून एका नकाशावर मांडल्या. ते करताना हात जड झाला, त्यातला एक मुलगा माझ्याकडे डबे पोचवायला होता. माणसं रोज अडकून पडतात हे कारण पुरत नाही, माणसं गेली तरच फाईल हलते, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. कोंडीत अडकलेली अँब्युलन्स कुठल्याच अपघाताच्या नोंदीत येत नाही.

पण समितीच्या बैठकीत तो नकाशा आणि पोरांची मोजणी शेजारी शेजारी ठेवली आणि इतिवृत्तात ओळ आली की संबंधित यंत्रणेने चौकात अधिकृत मोजणी करून अहवाल सादर करावा. इतिवृत्तात आल्यावर हेडही सापडलं, सहीही झाली. अधिकृत मोजणी झाली, आकडा मर्यादेच्या वर गेला, डाव्या लेनचं काम पुढच्या यादीत लागलं आणि झालं पण. पहिल्यांदा आमचा टेम्पो त्या लेनमधून न थांबता वळला तेव्हा ड्रायव्हर अण्णांनी मला फोन केला, नुसते हसत होते.

मोजणीनंतर हे लवकर झालं त्याचं एक मोठं कारण म्हणजे लेन रस्त्याच्या हद्दीतच बसत होती, जमीन घ्यायची नव्हती. मागणी करताना हे बघाच. पुण्यातल्या चांदणी चौकाचं उदाहरण घ्या, तिथल्या उड्डाणपुलाला केंद्राचा पैसा होता, नितीन गडकरींच्या हस्ते २०१७ ला भूमिपूजन झालं, भूसंपादन महापालिकेच्या अंगावर होतं आणि त्यातच वर्षं गेली, जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पाडला आणि उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला. जमीन लागणारं काम आणि न लागणारं काम एकाच अर्जात कधीच घालू नका, छोटं काम मोठ्याबरोबर अडकतं.

अजून काही आठवतंय ते सांगते. प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. माहिती अधिकाराला ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, वाट बघत बसू नका, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, त्यासाठी पाच दिवस असतात. राज्याच्या कार्यालयाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतं, केंद्राच्या कार्यालयाला ऑनलाइन करता येतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर परत येतो. आमदारांचं पत्र उपयोगी पडतं पण बजेटच्या आधी, यादी बनून गेल्यावर नाही. पोलीस ठाण्यात जाताना गावाचं नाव नाही, किलोमीटरचा दगड सांगा.

उड्डाणपुलाचा विषय अजून बाकी आहे, त्याला जमीन लागणार, ती वेगळी लढाई. त्यासाठी परत मोजणी होणार आहे आणि यावेळी मी आधीच लेखी विचारलंय की मोजणीचा आठवडा कुठला. कंपन्या बंद असतात तो गणपतीचा किंवा दिवाळीचा आठवडा नको, आणि माणूस फाट्याच्या अलीकडे उभा करा, पलीकडे नाही, हे दोन्ही अर्जात लिहून पोच घेतलीय.